नाक्याअलीकडेच संत्री संपवा

मर्बीन
४ मे

प्रिय नोलाबाई,

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. नाताळच्या कार्डाशिवाय मी तुम्हाला आजवर काही पाठवलेलं नाही, आणि त्या कार्डावर सहीसुद्धा माझी नरेलच करते. फोन केला असता, पण तुमचा फोन मरे नदीत पडल्याचं तुमचा ग्लेन सांगत होता. पडला की तुम्ही टाकलात, हे त्यालाही नक्की माहीत नाही.

काम असं आहे. आमच्या ह्यांनी बागेचं काम सोडल्यावर हौसेने घेतलेली पांढरी घरगाडी अजून शेडमध्ये उभी आहे. ओटा, पलंग, मोरी, सगळं चाकांवर. ह्यांनी ती दर रविवारी पुसली आणि एकदाही कुठे नेली नाही. मग हेच गेले. आता तुमचे चिरंजीव म्हणतात, गाडी विकू आणि त्या पैशांत आमच्या घरामागे सासूबाईंना एक खोली बांधू. गिऱ्हाईक पण शोधलंय. माझी मुलगी नरेल नवऱ्याच्या हो ला हो करते. खोली छान होईल म्हणते. पडदे मला निवडू देणार आहेत.

मी जेवताना म्हटलं, मला गाडी ठेवायची आहे. चालवायची आहे. तर ग्लेन इतका हसला की त्याच्या नाकातून बिअर आली. मग म्हणाला, "ठीक आहे सासूबाई. राज्याची सीमा ओलांडून रेनमार्कला आईकडे जा आणि त्याच दिवशी उजेडात परत या. पण वाटेत एकदा जरी मला स्टेअरिंग हातात घ्यावं लागलं, तर गाडी विकायची." मी हो म्हणून बसले.

तुम्ही बारा महिने अशा गाडीत राहता. तेव्हा सीमेपलीकडे एका दिवसात जाऊन यायचं तर काय काय सांभाळावं, ते कृपा करून कळवावं. मुद्देसूद लिहिलंत तर बरं पडेल.

आपली,
हेझल क्रॉफ्ट


रेनमार्क, नदीकाठचा तळ
८ मे

विहीणबाई,

मुद्देसूद लिहा म्हणता. मुद्दे शिकवायची इयत्ता यायच्या आधीच बापाने मला द्राक्षं खुडायला नेलं, तेव्हा जसं आठवेल तसं लिहिते. तुम्ही रेघा मारून घ्या.

आधी एक सांगून ठेवते. मी तुमच्या बाजूची नाही. ग्लेन माझा मुलगा आहे आणि गाढव आहे, दोन्ही खरं. ती मागची खोली त्याने मलाही दाखवली होती. अजून बांधायची होती, नुसती खुंट्या ठोकून दोरी लावली होती. मी दोरीच्या आत उभी राहिले, समोर पाहिलं, तर कचऱ्याचे डबे. मी त्याच आठवड्यात निघाले. पण माझं वेगळं. मी ट्रॅक्टर चालवलाय, बैलासारख्या नवऱ्याला चालवलंय. तुम्ही चर्चमध्ये पेटी वाजवणारं माणूस. गाडी म्हणजे पेटी नव्हे. पाय दोन्हीकडे लागतात एवढंच सारखं.

आता ऐका.

गाडीची उंची मोजून कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि काचेजवळ, डोळ्यांसमोर चिकटवा. आमच्या शेजारचा बर्ट वीस वर्षं ह्या गाड्या चालवतो, तरी पेट्रोल पंपाच्या छपराखाली अडकला. चारी चाकांतली हवा सोडून गाडी बसवावी लागली, तेव्हा निघाली. अख्खं गाव बघायला. त्याची बायको सगळ्यांना चहा विचारत होती.

निघण्याआधी गॅस बंद. छपराची खिडकी बंद. फ्रीजची कडी, कपाटांच्या कड्या, सगळं हाताने ओढून बघा, डोळ्यांवर विश्वास नको. कपबशा टॉवेलात गुंडाळा. दाराखालची पायरी आत ढकला. ती बाहेर राहिली की पहिल्या खांबाची आणि तिची गळाभेट होते. वळताना लक्षात ठेवा, घर तुमच्या मागून येतंय आणि ते आळशी आहे, कोपरा कापून येतं. म्हणून आधी पुढे जा, मग वळा.

मोठे ट्रक मागे लागतील. दोन-दोन, तीन-तीन डबे जोडलेले. घाबरून कडेच्या खडीत उतरू नका, तिथेच माणसं उलटतात. आपल्या रेषेत, आपल्या वेगाने, सरळ. त्याला घाई असेल तर तो जाईल. जाताना गाडी हलेल. तो वारा असतो, भूत नाही.

समोरून आपल्यासारखी घरगाडी आली तर स्टेअरिंगवरचं पहिलं बोट उचलायचं. एकच बोट. हीच रामराम. हात सोडून हलवायचा नाही, आणि बोट चुकवायचं नाही.

फळांचं तुम्हाला काय सांगू, तुम्ही जन्मभर इथल्याच. सीमेवर यांबाच्या नाक्यावर आमच्याकडच्या बागांना माशी लागू नये म्हणून तुमच्याकडचं एकही ताजं फळ आत सोडत नाहीत. पण नेहमीच्या मोटारीत कोपरे चार, ह्या गाडीत चाळीस. पलंगाखाली बघा, कोटाच्या खिशात बघा, भाजीच्या टोपलीत बघा. मुरंबा चालतो, केक चालतो, शिजलेलं सगळं चालतं. कच्चं असेल ते नाक्याअलीकडेच संपवा, नाहीतर तिथल्या पिंपात टाका. लपवाल तर दंड होईल आणि वर नाक्यावरच्या पोरीसमोर मान खाली. तिला रोज तुमच्यासारख्या छप्पन्न भेटतात.

घड्याळ. आमचं घड्याळ तुमच्यापेक्षा अर्धा तास मागे. येताना तुम्हाला अर्धा तास फुकट मिळतो, तो जाताना काढून घेतात. सरकारचं सगळंच असं. म्हणून इथून लवकर निघा. ऊन उतरलं की कांगारू रस्त्यावर येतात, आणि त्यांना गाडी दिसली की बाजूला होण्याऐवजी तिच्या प्रेमात पडतात.

इथे आल्यावर गाडी नदीकाठच्या मोठ्या निलगिरीच्या झाडाखाली लावू नका. सावली छान, पण ते झाड वारा नसतानाही अख्खी फांदी टाकतं. मी जागा धरून ठेवते.

राहिली मोरी. तुम्ही त्या संडासाचं झाकण अजून उघडलेलं नसणार, मला माहीत आहे. त्याच्या खाली पेटी असते, ती बाहेरच्या बाजूने छोट्या दारातून निघते. आत निळं औषध घाला. पेटी फक्त ठरलेल्या खड्ड्यात रिकामी करायची, नदीत नाही, झाडीत नाही. आणि गाडी चालू असताना कोणी तिथे बसायचं नाही. बाकी सगळी चूक निस्तरता येते.

नोला


मर्बीन
११ मे

प्रिय नोलाबाई,

रेघा मारून घेतल्या. आभारी आहे. बैलाचा उल्लेख मी नरेलला वाचून दाखवला नाही, शेवटी ते तिचे सासरे होते.

सराव चालू आहे. गाडी शेडमधून मागे काढताना अंगणातली कपडे वाळत घालायची फिरती छत्री मध्ये आली. म्हणजे ती तिथेच होती, मी आले. तिचे दोन हात वाकले. ग्लेनला सांगितलं, वाऱ्याने वाकले. तो आकाशाकडे बघून म्हणाला, "कुठला वारा, सासूबाई?" मी म्हटलं, "येऊन गेला." गाडीला मात्र ओरखडा नाही, मी चष्मा लावून तीनदा पाहिलं.

पुढे जायचं जमतं. वळायचं बऱ्यापैकी जमतं. पण ग्लेन शेजारी बसला की जमत नाही. "सासूबाई, आरसा. सासूबाई, ब्रेक. सासूबाई, तो दुसरा आरसा." काल त्याने माझ्या बाजूचा ब्रेक त्याच्या बाजूने दाबायचा प्रयत्न केला. तिथे ब्रेक नाही. त्याचा पाय गाडीच्या तळाला लागून लागून दुखतोय आता. आणि अट अशी की तो बरोबर येणार. शेजारी बसून बघणार.

येत्या गुरुवारी निघतो. भीती वाटते का म्हणाल, तर वाटते. पण पडद्याच्या कापडाचे नमुने घरी आले आहेत. तिन्हींवर बदकं आहेत. ते बघितले की भीती जाते.

आपली,
हेझल


रेनमार्क
१४ मे

विहीणबाई,

बदकं? माझ्या वेळी नुसत्या पट्ट्या होत्या. तुमचं नशीब बलवत्तर.

ग्लेनचं ऐका. तो लहान होता तेव्हा मागच्या सीटवरून त्याच्या बापाला गाडी शिकवायचा. बाप एक दिवस शांतपणे गाडी थांबवून खाली उतरला आणि म्हणाला, "ये, चालव." पोरगं तोंड मिटून बसलं, पण ते घरी येईपर्यंतच. त्याच्यावर उपाय नाही. कानात कापूस घाला.

जागा धरली आहे, पाण्याच्या नळाजवळची, दोन्ही बाजूंना खुंट्या आहेत. बेकरीतून मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या आणून ठेवते. तळावरच्या सगळ्यांना कळलंय. बर्टने पैज लावलीय की तुम्ही येणार. त्याच्या बायकोने लावलीय की तुम्ही येणार पण खुंटी पाडणार. मला विचारलं तर मी म्हटलं, माझा मुलगा स्टेअरिंग ओढून घेणार आणि विहीणबाई मागच्या पलंगावर रडत येणार. राग मानू नका. मी पैज जिंकायला लावते, माणुसकी म्हणून लावत नाही.

नोला


रेनमार्क
१७ मे

विहीणबाई,

पैज हरले ते आधी सांगते. बर्ट कालपासून फुकटची बिअर पितोय.

तुम्ही आलात. दोन खुंट्यांमधून गाडी अशी सरळ घातलीत जशी सुईत दोरा. पायरी आत, खिडकी बंद, झाडापासून लांब. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, माझ्या हातात पास्ट्या होत्या.

पण आता मी खरं बोलते, मला गोड बोलता येत नाही. माझ्या पोराचं तोंड बघितलंत? पिठासारखं पांढरं. खाली उतरला तो टेबल धरून उभा राहिला. पास्टीला हात लावला नाही. विहीणबाई, ज्या पोराने बापाच्या प्रेतयात्रेच्या दिवशी चार पास्ट्या खाल्ल्या, त्याने पास्टीला हात लावला नाही! काय झालं विचारलं तर "ठीक आहे आई, ठीक आहे." आणि तुमचे गाल लाल, तोंडात गाणं, वर चहाचा दुसरा कप मागताय. त्यात आल्याआल्या तुम्ही त्याला ती संडासाची पेटी घेऊन खड्ड्याकडे पिटाळलंत. तो काय तुमचा गडी आहे?

मला जे समजायचं ते समजलं. तुम्ही गाडी अशी हाणलीत की धट्ट्याकट्ट्या माणसाचा जीव निम्मा झाला. अशी बाई रस्त्यावर नको. स्टेअरिंग त्याने घेतलं नाही ते भीतीने हात उचलेना म्हणून. अट जिंकलात, पण गाडी विका. बदकांचं काय, सवय होते.

नोला


मर्बीन
२७ मे

नोलाबाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा रागाने, एकदा हसून. दुसऱ्यांदा वाचताना चहा सांडला.

तुमच्या मुलाचा जीव मी निम्मा केला नाही. संत्र्यांनी केला.

मर्बीन सोडलं तेव्हाच त्याचं सुरू झालं. "सासूबाई, आरसा." कलेरेन तलावापर्यंत माझी मान दुखायला लागली. बोट उचलायचं तुम्ही सांगितलंत म्हणून मी समोरच्या घरगाडीला बोट उचललं, तर म्हणे, "दोन्ही हात स्टेअरिंगवर! तो कोण लागतो तुमचा?" नाका जवळ आला तशी मी गाडी पिंपांपाशी बाजूला घेतली. तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं उघडून बघू लागले. पलंगाखाली काही नाही, खिशांत काही नाही. मग मी ओव्हनकडे हात नेला, तर ग्लेन म्हणतो, "तिथे राहू द्या." मी म्हटलं, "का?" म्हणतो, "तिथे कोणी बघत नाही."

उघडलं. पिशवीभर संत्री! आमच्या परसातली, ह्यांनी लावलेल्या झाडाची. तुमच्यासाठी आणली होती त्याने. आईला आवडतात म्हणे. जन्मभर ह्या नाक्याजवळ राहिलेला माणूस, आणि ओव्हनमध्ये संत्री!

मी म्हटलं, "पिंपात टाक."

"सासऱ्यांच्या झाडाची फळं कचऱ्यात? जमणार नाही."

"मग नाक्यावरच्या बाईला मी सांगणार. मी खोटं बोलत नाही."

"वाऱ्याने छत्री वाकली म्हणून सांगितलंत की."

मी पिशवी त्याच्या हातात दिली. शेवटी तो पायरीवर बसला आणि खायला लागला. मी दोन खाल्ली. मग त्याने सगळी खाल्ली, नोलाबाई. साली पिंपात, फळ पोटात. येणारे-जाणारे ट्रकवाले भोंगे वाजवत होते. एक जण ओरडला, "शाब्बास दोस्ता, दमलास तर लिंबं पण आहेत माझ्याकडे!" आम्ही नाक्यावर पोचलो, त्या पोरीने आत डोकावून विचारलं, "काही फळं?" ग्लेन म्हणाला, "होती." तिने त्याच्या हनुवटीवरचा रस बघितला आणि आम्हाला जाऊ दिलं.

नाका सोडला आणि थोड्या वेळात तो गप्प झाला. मी म्हटलं देव पावला. मग म्हणाला, "सासूबाई, गाडी थांबवा." पण मागे तीन डब्यांचा ट्रक, कडेला खडी. तुम्हीच लिहिलंत खडीत उतरू नका. म्हणून मी आपल्या रेषेत, आपल्या वेगाने, सरळ. तो उठला आणि मोरीत गेला. गाडी चालू असताना कोणी तिथे बसायचं नाही, हे मी त्याला ओरडून सांगितलं. त्याने आतून जे उत्तर दिलं ते तुमच्या घरातलं वळण असावं.

रेनमार्क येईपर्यंत तो बाहेर आला नाही. पुढचा सगळा रस्ता मी एकटी. आरसा नाही, ब्रेक नाही, सासूबाई नाही. दोन्ही बाजूंना नुसती झुडपं आणि पुढे रस्ता. पहिल्यांदा मला कळलं की मी वेग बघत नाहीये, आरसे आपोआप बघतेय, आणि गाडीचं मागचं टोक कुठे आहे ते मला पाठीला कळतंय. एक घरगाडी आली. मी बोट उचललं. त्या माणसानेही उचललं. मला इतकं हसू आलं की मी मोठ्याने गायला लागले. चर्चमधलं नाही, दुसरं. आतून ग्लेन म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, तू बस."

म्हणून माझे गाल लाल, आणि म्हणून ती पेटी त्याने नेली. ज्याची त्याने न्यावी.

आता परतीचं ऐका, ते तुम्ही बघितलंच नाही. त्याच्या पोटात काही उरलं नव्हतं, म्हणून तो शेजारी निमूट बसला. ऊन तिरपं झालं होतं. समोरून एक जुनी गाडी आली, आणि नोलाबाई, माझ्याआधी त्याने बोट उचललं! त्याच्यासमोर स्टेअरिंग नाही, त्याने गुडघ्यावरून उचललं. मग दुसरी आली, तेव्हाही. मग म्हणतो, "इथून रस्ता जरा उंचावरून दिसतो, नाही?" मग थोड्या वेळाने, "मी जरा चालवू का?"

मी म्हटलं, "अट काय होती?"

"अट राहू द्या हो, फक्त तलावापर्यंत."

"तू स्टेअरिंग घेतलंस की गाडी विकायची. तूच म्हणालास."

"घ्यावं लागलं तर म्हणालो. हौसेने घेतलं तर नाही म्हणालो!"

मी दिलं नाही. मर्बीनपर्यंत तो खिडकीकडे तोंड करून फुगून बसला होता, थेट आमच्या धाकट्या नातवासारखा. उजेडात पोचलो. नरेल दारात उभी. हा उडी मारून उतरला आणि ओरडला, "गाडी विकायची नाही!" गिऱ्हाइकाला त्याच संध्याकाळी नाही कळवलं.

मी जिंकले, असं मला दोन दिवस वाटत होतं. मग शनिवारी तो गाडी धुतो म्हणून किल्ली घेऊन गेला तो दिवेलागणीला आला. टायरला लाल माती. रविवारी पुन्हा "धुतली". आता जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय. जुलैच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून जायचं, मुलं, ते दोघं आणि मी. तो चालवणार. मी मुलांजवळ मागच्या पलंगावर झोपायचं, वरच्या. शिडी आहे म्हणे, छोटीशी. आणि नरेल सांगत होती, ते बदकांचे पडदे गाडीच्या खिडक्यांना अगदी मापात बसतात.

आता काय करू? विकत होता तेव्हा भांडता येत होतं. आता तो प्रेम करतोय.

हेझल


रेनमार्क
३१ मे

हेझल,

विहीणबाई लिहायचं सोडलं, वेळ नाही.

तळावर तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. माफ करा, पण असं पत्र एकटीने वाचलं तर पाप लागतं. बर्टची बायको खुर्चीसकट मागे पडली. आता ग्लेन इथे आला की सगळे त्याला संत्रं विचारणार आहेत, ही तजवीज झालेली आहे.

मी चुकीचं समजले. समजले तर समजले, पुढे चला.

गाडी विकणारा जावई परवडला, उसनी नेणारा वाईट. उसनी गाडी आधी शनिवारी जाते, मग सुट्टीत जाते, मग तुम्ही विचारून घ्यायला लागता. तेव्हा लवकर हला. दोन्ही किल्ल्या गळ्यात घाला, एक त्याच्या खणात असेल ती पण. गाडीचे कागद तुमच्या नावावर करून घेतलेत का ते बघा. ह्यांचं-ह्यांचं करत बसू नका. पाण्याची टाकी भरा, गॅसची दुसरी टाकी घ्या. नरेलला सांगा, ती तुमच्या पोटची आहे. ग्लेनला सांगू नका, तो माझ्या पोटचा आहे. तो कामाला गेला की निघा.

आणि एका दिवसात परत यायचं हे खूळ आता सोडा. पश्चिमेला आणखी एक सीमा आहे, रस्ता संपता संपत नाही असा. तिथे तर मधसुद्धा आत सोडत नाहीत, अक्रोडसुद्धा नाही. माझ्याही गाडीला इथे उभं राहून मुंग्या लागल्यात. तुम्ही इथवर येईपर्यंत मी थांबते, इथून पुढे दोन गाड्या. पण एक सांगून ठेवते. रात्री मुक्कामाला माझ्या गाडीपासून लांब लावा. मी घोरते, आणि तुम्ही गाता.

नोला


मर्बीन
१२ जून

आई,

सासूबाई गेल्या. मंगळवारी कामावरून आलो तर शेड रिकामी. टेबलावर चिठ्ठी, "जेवण ओव्हनमध्ये आहे." बघितलं तर संत्रं होतं. एकच. हा विनोद आहे का?

नरेल काही सांगत नाही, नुसती हसते. तुझ्या तळावर फोन केला तर कोणी बर्ट म्हणून बोलला. तू कुठे आहेस विचारलं तर म्हणाला, "संत्रं खाणार का?" आणि फोन ठेवला. हे पत्र तो पुढे पाठवतो म्हणालाय, बघू.

आई, मी सगळं ठरवलं होतं. नकाशा केला होता. मी ती गाडी त्यांच्यापेक्षा चांगली चालवतो, तू त्यांना समजाव. मुलं रडतायत. वयस्कर बाईने एकटीने असं जाणं बरं नाही. मला नीट कळव, त्या कुठे आहेत, कधी येणार, आणि जुलैच्या सुट्टीत गाडी मिळेल की नाही.

तुझा,
ग्लेन


सेड्युना
२१ जून

ग्लेन,

तुझं पत्र बर्टने इथल्या पोस्टात पाठवलं. मिळालं.

मुलं रडत नाहीत. नरेलने लिहिलंय, ती शेडमध्ये चेंडू खेळतात, जागा झाली म्हणून खूश आहेत. रडतोयस तू.

तुझ्या सासूबाई एकट्या नाहीत, मी आहे. म्हणजे मी त्यांच्या मागे आहे, कारण त्या पुढे व्हायला देत नाहीत. मी "आरसा" म्हणून ओरडले तरी ऐकू जात नाही, म्हणून आमचं बरं चाललंय. काल त्यांनी एका माणसाची गाडी वाळूत रुतली होती ती दोरी लावून ओढून काढली. तो म्हणाला, "तुमचे यजमान कुठे आहेत?" तर म्हणाल्या, "वारले. दोरी घट्ट धरा." मी एवढं हसले की माझी कवळी वाळूत पडली. सापडली, धुतली.

आता तुझ्या प्रश्नांचं. गाडी जुलैत मिळेल की नाही? नाही. तू त्यांच्यापेक्षा चांगली चालवतोस? असेल. मी तुझ्यापेक्षा चांगली द्राक्षं खुडते, म्हणून मी कोणाचा द्राक्षमळा पळवून नेत नाही. गाडी त्यांची आहे. आधी तू ती विकत होतास, मग वापरत होतास, दोन्ही वेळा विचारायचं राहिलं. एवढंच चुकलं, फार काही नाही.

मी हे लिहीत असताना त्या छपरावर चढून खिडकी पुसतायत. मी खालून ओरडले, "हेझल, ग्लेनला काय लिहू? फार रडतोय."

त्या वरून म्हणाल्या, "काय म्हणून?"

"गाडी चालवायचीय त्याला."

त्यांनी फडकं पिळलं. मग म्हणाल्या, "आधी मागितली का नाही मग?" आणि पुन्हा पुसायला लागल्या. मग खाली उतरल्या, हात पुसले, चहा ठेवला, आणि तेव्हा कुठे सांगितलं. ते लिहिते.

ऑगस्टमध्ये पाच दिवस सुट्टी काढ. एकटा ये. आम्ही पलीकडच्या सीमेवर थांबतो. तिथला रस्ता दिवसभर सरळ आहे, वळण नाही, आपटायला झाड नाही. त्यातला एक दिवस त्या तुला स्टेअरिंग देतील. त्या शेजारी बसतील आणि एक शब्द बोलणार नाहीत, तसं त्यांनी मला वचन दिलंय, आणि त्या खोटं बोलत नाहीत, वाऱ्याचं सोडून. बाकीचे चार दिवस तू शेजारी बसायचं, आणि तूही एक शब्द बोलायचा नाही. पेटी रोज तू न्यायचीस.

प्रवासी म्हणून यायचं असेल तर कळव, वरचा पलंग रिकामा आहे. जावई म्हणून येणार असशील तर तिकडेच राहा.

आई